तोक्योचा कचरा आणि साडेतीस सेंटिमीटरचं लाटणं

तोक्योत राहायला आलेल्या माणसाची जपानीची परीक्षा भाषेच्या वर्गात होते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ती होते सकाळी आठच्या आत, रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या पिशवीसमोर. ही पिशवी पारदर्शक किंवा निदान अर्धपारदर्शक हवी, असा नियमच आहे. आपल्याकडे शेजारच्या घरात काय शिजलं हे कळायला भिंतीला कान लावावा लागतो. इथे शेजाऱ्यांना तेवढेही कष्ट नाहीत. वांगी किती सोलली आणि बाहेरून किती मागवलं, सगळं आरशासारखं स्वच्छ.

आपण घंटागाडीच्या संस्कारात वाढलेले. ओला आणि सुका, दोन डबे, विषय संपला. इथे मोएरु गोमी म्हणजे जळणारा कचरा, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा. मोएनाइ गोमी म्हणजे न जळणारा, तो महिन्यातून दोनदा. शिगेन म्हणजे पुन्हा वापरात येणारा माल, आठवड्यातून एकदा. आणि सोदाई गोमी म्हणजे अवजड सामान, ज्याचा मुहूर्त आधी काढून घ्यावा लागतो. शहरात २३ वॉर्ड आणि प्रत्येकाचं पत्रक निराळं. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत पाठ केलेलं ज्ञान नदी ओलांडून कोतो वॉर्डात गेलं की कुचकामी ठरू शकतं. घर शोधताना लोक स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतात. मी म्हणतो, कचऱ्याचा वार आधी विचारा.

साधी पाण्याची बाटली घ्या. टोपण काढायचं, वरचं लेबल सोलायचं, आतून विसळायचं, मग पायाखाली चपटी करायची. टोपण आणि लेबल प्लास्टिकमध्ये, बाटली बाटल्यांमध्ये. गळ्याशी टोपणाची जी कडी अडकून राहते ती मात्र राहू दिली तरी चालते. हा एकच दयेचा अर्ज मंजूर झालेला आहे. दुधाचा खोका विसळून, कात्रीने उघडून, सपाट वाळवून, सुतळीने गठ्ठा बांधून द्यायचा. खोका आतून रुपेरी असेल तर एवढी सेवा करायची गरज नाही, तो थेट जळणाऱ्यात. पिझ्झाचा तेलकट खोका कागदात चालत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण अगरबत्तीचा पुडाही चालत नाही! वासाचा कागद लगद्यात गेला तर नव्या कागदाला तो वास लागतो, म्हणून साबणाच्या आणि उदबत्तीच्या खोक्यांना बंदी आहे. तेव्हा देवघरातला पुडा आणि पिझ्झाचा डबा एकाच पिशवीत नांदतात. निर्माल्यही त्यांच्याच पंगतीला. ते उघड्यावर बघवत नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळावं.

ओल्या कचऱ्याचं पाणी पिळून काढायचं असतं. ओलं जळायला जास्त ऊर्जा लागते, आणि पिशवी गळली की कावळे येतात. तोक्योचा कावळा चांगला दणकट, जाड चोचीचा. २००१ पासून सरकारने त्याला पकडायला सापळे लावले आणि कचऱ्यावर जाळ्या आल्या. आपल्याकडे पितृपक्षात पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसं ताटकळत उभी राहतात, न शिवल्यास काय इच्छा राहिली ते विचारतात. इथला कावळा आमंत्रणाची वाट बघत नाही. पिशवी जाळीच्या पूर्ण आत ढकलायची आणि जाळीची कड खाली दाबायची. एक कोपरा जरी बाहेर राहिला तरी कालची आमटी रस्त्यावर. अनेक गल्ल्यांत जाळी घडी करून जागा झाडण्याची पाळी घरोघरी फिरते, म्हणजे सांडलेलं आपलंच आपण उचलायचं.

मराठी घराचा खरा कस लागतो तो दिवाळीत, चकल्यांनंतरच्या तेलाने. मोरीत ओतलं तर ते नळीत थिजतं आणि पुढचा आठवडा प्लंबरच्या नावाने जातो. त्यासाठी दुकानात तेल थिजवायची पूड मिळते. साधारण ६०० मिलिलिटर तेलाला एक पुडी. गॅस बंद करायचा, तेल चांगलं गरम असतानाच पूड टाकायची, विरघळेपर्यंत ढवळायचं आणि तासभर हात लावायचा नाही. घाई करणारे इथेच फसतात. गार तेलात पूड तळाशी बसते, मग पुन्हा तापवा. जमलं की कढईत वडीच तयार होते. ती उलथन्याने अलगद सुटते आणि जळणाऱ्यात जाते. या पुडीचं मूळ एरंडेलात आहे. लहानपणी जे आपलं पोट साफ करायचं ते आता मोरी साफ ठेवतं. तेल थोडंच असेल तर ते कागदात टिपून टाकतात, पण उन्हाळ्यात तेलकट कागद आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून पिशवी बांधण्यापूर्वी त्यावर थोडं पाणी शिंपडावं.

आता अवजड सामान. कुठलीही बाजू साधारण ३० सेंटिमीटर किंवा जास्त भरली की वस्तू सोदाई. खाट, गादी, खुर्ची ठीक आहे. पण १२ इंची लाटणं टेप लावून मोजा: साडेतीस सेंटिमीटर! कागदोपत्री ते सोफ्याच्या जातीचं. नियमात ‘साधारण’ हा शब्द आहे, त्या आडोशाला लाटणं उभं राहू शकतं, मात्र १४ इंची असेल तर बोलायची सोय नाही. त्याच्यापेक्षा लांब असलेली छत्री बऱ्याच ठिकाणी बिनदिक्कत न जळणाऱ्यात जाते, हा अन्याय मला अजून पचलेला नाही. सोदाईसाठी फोन किंवा संगणकावरून नोंदणी करायची, तारीख आणि रक्कम ऐकायची, मग किराणा-कम-सर्वकाही दुकानातून २०० आणि ३०० येनचे स्टिकर घ्यायचे. त्यावर नाव किंवा नोंदणीचा क्रमांक लिहून वस्तूवर चिकटवायचे. ज्या वॉर्डाचा स्टिकर, त्याच वॉर्डात चालतो. मार्चअखेरीस सगळं शहर घरं बदलतं तेव्हा तारीख आठवडेच्या आठवडे पुढे जाते, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी गादीची तारीख घ्यावी. टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन तर वॉर्ड घेतच नाही. २००१ पासून त्यांचा कायदा वेगळा, शुल्क वेगळं.

हा सगळा जाच उगाच आलेला नाही. कोतो वॉर्डाच्या किनाऱ्यावर ‘स्वप्नांचं बेट’ अशा गोड नावाच्या भरावावर अख्ख्या शहराचा कचरा पडायचा, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात तिथून माश्यांचे थवे वस्तीत आले. १९७१ मध्ये राज्यपाल मिनोबे यांनी चक्क ‘कचरायुद्ध’ पुकारलं. पुढे सुगिनामी वॉर्ड स्वतःकडे कचरा जाळायची भट्टी होऊ देईना, तेव्हा कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या मानाने आपल्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं म्हणजे कोजागिरीचं दूध. २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्डसभेत योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला. त्यालाही कचरा आठच्या आतच ठेवावा लागत असणार.

चुकलं तर कुणी ओरडत नाही. पिशवी तिथेच राहते आणि तिच्यावर एक स्टिकर लागतो: हे नेता येत नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या, एकटी आपली, आणि आतलं सगळं दिसतंय. ती गुपचूप घरी आणायची, पत्रक काढून पुन्हा वर्गवारी करायची. आणि नवं पत्रक आलं की जुनं पत्रक कागदाच्या गठ्ठ्यात बांधायचं. कागदाचा वार कोणता, ते त्या गठ्ठ्यातल्या पत्रकात लिहिलेलं असतं.