फॉरमॅट मारताना घ्यायची काळजी

लॅपटॉपला फॉरमॅट मारायचा, म्हणजे जुनं पुसून नवी विंडोज टाकायची, तर मुहूर्त बघून टाका. जूनचा पहिला आठवडा उत्तम. समुद्रावरून ढग वर चढलेले असावेत, मालवणजवळच्या देवबागच्या बाजूला वीज चमकत असावी आणि सकाळपासून लाईट जाऊन-येऊन असावी. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली असेल, चार्जरची पिन जरा हलली तरी मशीन बंद पडत असेल, तर सोन्याहून पिवळं. फाइल्स उतरायला लागतात, आकडा ६२ टक्क्यांवर येतो आणि लाईट जाते. जुनी विंडोज पुसलेली, नवी अर्धवट, आता घरात दोन्ही नाहीत. पाऊस उघडेपर्यंत थांबणारे किंवा इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्याच्या पडवीत लॅपटॉप नेऊन लावणारे लोक असतात, पण अशा माणसांच्या आयुष्यात काही घडत नाही.

बॅकअपचं नावही काढू नका. होमस्टेचं बुकिंग, सातबाऱ्याचे स्कॅन, हापूसच्या पेट्या कुणाकडे उधार गेल्या त्याची एक्सेल, सगळं डेस्कटॉपवर असतं. आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे कळायची योग्य वेळ फॉरमॅटनंतरची. ज्यांनी आधीच सगळं डी ड्राइव्हला हलवलंय त्यांनीही नाराज होऊ नये. विंडोज टाकणाऱ्या सेटअपच्या, डिस्क निवडायच्या पडद्यावर सी आणि डी अशी अक्षरंच नसतात. तिथे ड्राइव्ह शून्य, पार्टिशन (म्हणजे डिस्कचे वाटे) १, २, ३, ४ अशी यादी येते. एक १०० एमबीचं, एक १६ एमबीचं, मग मोठी मोठी. कुठलं कशाचं ते आकारावरून ओळखता येतं, पण त्यासाठी कुठला ड्राइव्ह किती जीबीचा आहे ते आधी कागदावर लिहून ठेवायला हवं. एवढा उपद्व्याप कोण करणार? सगळ्यांवर डिलीट मारा. यादी जाऊन एकच मोकळी जागा उरते. दिसायलाही स्वच्छ.

ज्याच्यावरून नवी विंडोज टाकायची त्या पेनड्राइव्हकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण खरी करामत तिथेच आहे. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी विंडोज बांधलेलं एकच गाठोडं, पाच जीबीच्या वरची. घरात रेंज नसल्यामुळे ती उतरवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जावं लागतं, आणि रोजचा डेटा असतो दीड-दोन जीबी. म्हणजे आज थोडी, उद्या थोडी, मध्ये रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून किंवा, आणखी बरं, तुटलं तिथून पुढे. फाइल पूर्ण आणि धड उतरली का ते बघायला मायक्रोसॉफ्ट कंपनी ६४ अक्षरांची एक खूण जाहीर करते. आपल्या फाइलची खूण काढायला विंडोजमध्ये एक ओळीची कमांड आहे, मिनिटभराचं काम. ते करू नका. फाइलचं नाव बरोबर आहे ना? झालं तर मग.

आता चुलतबहिणीच्या लग्नाची शूटिंग असलेला पेनड्राइव्ह रिकामा करा आणि आयएसओ तशीच उचलून त्यात टाका. बहुतेक ती जाणारच नाही, कारण पेनड्राइव्ह असतो फॅट३२ नावाच्या मांडणीत आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. गेली तरी त्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही. कंपनीचं फुकटातलं मीडिया क्रिएशन टूल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर हे सगळं आपोआप करून देतं, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा आयएसओ उघडा आणि आतल्या फाइल्स हाताने कॉपी करा. सगळ्या सुरळीत जातील, एकच अडेल: इन्स्टॉल डॉट विम. तिथे 'स्किप' असं बटण येतं. दाबा. शेकडो फाइल्समधली एक फाइल नसली तर काय बिघडतं? (अख्खी विंडोज त्याच फाइलमध्ये असते. बाकीच्या सगळ्या तिला आणायला गेलेलं वऱ्हाड.)

एवढं केल्यावर पडद्यावर एरर येणारच. एरर वाचायची नसते. कुणी तरी शून्य एक्स ८००७०५७० असा आकडा आणि खाली 'फाइल खराब आहे किंवा सापडत नाही' असं इंग्रजीत स्वच्छ लिहून ठेवलेलं असतं. त्याचा अर्थ सरळ आहे: पेनड्राइव्ह, उतरवलेली फाइल, रॅम किंवा डिस्क यांपैकी काही तरी नासलंय, एकेक बदलून बघा. म्हणून त्याचा तिरका फोटो काढा, नेमकं आकड्यावर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब येईल असा, आणि तो भावकीच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, 'असा कायतरी येता'.

पहिलं उत्तर येतं मुंबईच्या काकांचं. ते कॉम्प्युटरमध्ये आहेत, म्हणजे एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात, जिथे कॉम्प्युटर आहेत. "लॅपटॉप तापलो असतलो. वायच फ्रिजरात ठेव." कोकणातल्या जूनमध्ये थंडगार केलेलं मशीन बाहेर काढलं की त्याच्या पोटात पाण्याचे थेंब धरतात, हे काकांना डोंबिवलीत बसून दिसणार नाही. पाणी झालं की काकी सांगणार, तांदळात पुर. मग घरात अर्धा तास चर्चा, उकडे घेव काय सुरय? या चर्चेत मात्र सगळे तज्ज्ञ असतात. तांदूळ चार्जिंगच्या भोकात अडकला की प्रकरण पुढच्या पायरीवर जातं: खळ्यात उभं राहून गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीत काय वायटवंगाळ शिरला असात, ता भायर काड रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आजवरच्या सल्ल्यांपैकी यानेच मशीनचं काही नुकसान केलेलं नाही, हे नमूद करायला हवं.

कधी कधी सेटअप तक्रार न करता नुसतंच म्हणतं, डिस्क सापडत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपात हे होतं. डिस्क धडधाकट असते, पण ती व्हीएमडी नावाच्या पडद्याआड बसलेली असते आणि सेटअपकडे तो पडदा सरकवणारा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा, पेनड्राइव्हवर सुटा करून ठेवायचा आणि सेटअपच्या त्याच स्क्रीनवरचं 'लोड ड्रायव्हर' दाबायचं. तुम्ही असलं काही न करता सरळ नवी एसएसडी डिस्क मागवा. ती बसवल्यावर तीही दिसणार नाही. मग मदरबोर्ड गेला असं जाहीर करा.

याच्या उलट, डिस्क दिसते पण आतून टक टक असा आवाज येतो आणि इन्स्टॉलेशन तासन् तास एकाच आकड्यावर बसून राहतं. जुनी फिरती हार्डडिस्क असा आवाज काढते तेव्हा ती जायच्या वाटेवर असते. तिच्यातलं सामान आधी बाहेर काढायचं असतं, कारण तिचा प्रत्येक फेरा शेवटचा ठरू शकतो. म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसा.

समुद्रासमोर घर असलेल्यांसाठी एक खास सूचना. खिडक्या उघड्या टाकून लॅपटॉप वाऱ्यावर ठेवत जा. खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर धरतो, रॅमचे सोनेरी दात काळपट पडतात आणि इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच जागी मरतं. दर वेळी वेगळी जागा म्हणजे रॅमवर संशय, हे ओळखणारे लोक रॅम काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि परत बसवतात. आपल्याकडे अल्कोहोल म्हणजे काजूची फेणी. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, पण रॅम पुसून जी उरते तिचा काही तरी उपयोग होतो.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने रामराम ठोकला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमच्या जुन्या मशीनवर ११ चालणार नाही, हे सेटअप स्पष्ट सांगतं. त्याच्याशी वाद घाला. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजला पर्यायी प्रणाली, चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता, आणि मशीन धड आहे का तेही त्यातच कळतं. पण त्यात विंडोजसारखं दिसत नाही, म्हणजे विषय संपला.

शेवटी एसटीने कुडाळ गाठा. लॅपटॉप पिशवीत, वर सुकट. दुकानातला पोरगा विचारेल, बॅकअप घ्यायचाय? म्हणा, काय नको, सगळा उडय. दोन हजार देऊन विंडोजच्या परवान्याची नवीन 'की' विकत घ्यायची का विचारेल, हो म्हणा. लॅपटॉपसोबत विंडोज आली असेल तर तिचा परवाना मशीनच्या बोर्डालाच चिकटलेला असतो आणि पुन्हा टाकल्यावर आपोआप लागू होतो, पण पोराचं मन कशाला मोडा? मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटसाठी ईमेल मागेल. "तुझोच घाल रे, माझो पासवर्ड खंय आठवता!" नव्या लॅपटॉपात अशा अकाउंटने साइन इन केलं की डिस्कला आपसूक कुलूप लागू शकतं, आणि त्याची ४८ आकडी चावी ज्याचं अकाउंट त्याच्याकडे जाऊन बसते. पुढे कधी मशीन सुरू व्हायच्या सेटिंगला हात लागला की पडदा निळा होऊन ती चावी मागू शकतो. पोरगा तोवर म्हापशाला नोकरीला गेलेला असेल, आणि नंबरही बदललेला.