पिक्चर तोच आहे म्हणे!

डिसेंबर 2024, रविवार, दुपारी सव्वाचारचा शो. तिकिटावर ठसठशीत छापलंय, ‘मुफासा’, हिंदी, टूडी. मी, आई आणि भाचा. माणशी 320 रुपये, वर ती कन्व्हिनियन्स फी. मुफासा सिंहाचा आवाज शाहरुखचा, त्याच्या मुलाचा, सिंबाचा, आर्यनचा, छोट्या मुफासाचा अब्रामचा, हे जाहिराती बघून बघून पाठ झालंय. मी गेले होते टिमोन या मीरकॅटसाठी. म्हणजे त्याला हिंदीत आवाज देणाऱ्या श्रेयस तळपदेसाठी. बास.

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि सिंबा इंग्रजीत बोलायला लागला. मला वाटलं, पडद्यावर ट्रेलरच चालू आहे अजून. मग रफिकी माकड सिंबाच्या छोट्या मुलीला, कियाराला गोष्ट सांगायला बसलं, टिमोन-पुंबा आले, टिमोनने तोंड उघडलं. आई माझ्या कानाशी लागली, “अगं, हा श्रेयस नाही.”

नव्हताच!

उठले, अंधारात चार जणांचे पाय तुडवत बाहेर. दारावरचा मुलगा म्हणाला, मॅनेजर येतील. मॅनेजर दहा मिनिटांनी आले आणि काय म्हणाले? “मॅडम, पिक्चर तोच आहे.”

पिक्चर तोच आहे! आवाजाच्या जोरावर तिकीट विकायचं, पोस्टरवर आवाज देणाऱ्यांची नावं छापायची, आणि आवाज बदलला की पिक्चर तोच? अहो, त्या पडद्यावर माणूस एकही नाही. सगळे प्राणी कॉम्प्युटरवर केलेले. त्यात नटाचं असतं काय, तर आवाज. तोच काढून घेतलात, मग माझ्या तिकिटात उरलं काय? म्हटलं, थांबवा आणि हिंदी लावा. आता काही रिळं बदलायची नसतात, सर्व्हरवर दुसरी फाईल निवडायची असते. तर म्हणे हिंदीची केडीएम चालत नाहीये. म्हणजे ती फाईल उघडायची डिजिटल चावीच नाही! मग हे शो सुरू करण्याआधी कळलं नव्हतं? कळलं होतं. कुणी विचारणार नाही हेही माहीत होतं. आणि खरंच, अख्ख्या हॉलमधून उठून बाहेर आलेली मी एकटी. बाकीचे पॉपकॉर्न खात बसले. याचाही मला तितकाच संताप आला.

मॅनेजर म्हणाले, पैसे परत मिळतील, कन्व्हिनियन्स फी सोडून. कसली कन्व्हिनियन्स? कुणाची?

आईला ‘माझी तुझी रेशीमगाठ’ मालिकेपासून श्रेयस घरचा वाटतो. मला त्याच्या आधीपासून, ‘इक्बाल’पासून. 2005 साली एकही शब्द न बोलता त्याने आख्खा सिनेमा पेलला. तोच माणूस या डिसेंबरात दोन मोठ्या सिनेमांत नुसता आवाज आहे, ‘पुष्पा 2’च्या हिंदीत आणि इथे. आणि गेल्या डिसेंबरात त्याला हार्ट अटॅक आला होता. ती बातमी ऐकून आईने देवापुढे दिवा लावला होता. वर्षाने त्याचा धमाल आवाज थिएटरात ऐकायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. हे त्या मॅनेजरला कसं सांगणार?

वर ओळखीतले शहाणे. “डब केलेलं कशाला बघतेस, ओरिजिनल बघ.” ओरिजिनल म्हणजे? आफ्रिकेतले सिंह घरी इंग्रजी बोलतात का? इंग्रजीतही कुणीतरी स्टुडिओत उभं राहूनच बोललंय ना! 2016 मध्ये ‘द जंगल बुक’लाही हेच ऐकवलं होतं. त्यात नानांचा शेरखान होता, इरफानचा पंजाबी ढंगाचा बल्लू, ओम पुरींचा बघीरा. आज इरफान नाही, ओम पुरी नाहीत. ते आवाज मी तेव्हा मोठ्या पडद्यावर ऐकले, तेही सकाळच्या शोला धावत जाऊन, कारण संध्याकाळचे सगळे शो इंग्रजी.

आणि नावं! शेवटी नावं सुरू झाली रे झाली की दिवे फटाफट लागतात, झाडूवाले आत येतात. ज्याच्यासाठी आले त्याचं नाव वाचायलाही थांबू देत नाहीत.

मराठीचं तर बोलायलाच नको. ‘मुफासा’ हिंदीत आला, तमिळमध्ये आला, तेलुगूत तर महेश बाबूच मुफासा. मराठीत नाही. हिंदी डबिंग होतं मुंबईत, टिमोन मराठी माणूस, आणि आम्ही त्याला ऐकायचं हिंदीत. तेही आम्ही आनंदाने घेतो. तेवढंही नीट लावता येत नाही यांना.

सिनेमा अर्धवट सोडून तिघं निघालो. रिक्षात भाच्याने विचारलं, पुढे मुफासाचं काय झालं? आई काहीच बोलली नाही. घरी येऊन मी शोधलं, आता हिंदीचा एकच शो उरलाय, सकाळी 9:10चा. मंगळवारी रजा टाकली आहे. तिकीट ऑनलाइन काढणार नाही. खिडकीवर जाणार, भाषा विचारणार, हिंदीची चावी चालते का विचारणार, आणि मगच पैसे देणार.