उभी राहिलेली गाडी भंगारात घालण्याआधी

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पंधरा वर्षांपुढची आणि दोन-चार वर्षं उभी असलेली मोटारसायकल सरळ भंगारात घाला. इंजिन जाम झालेलं असतं, बोअर केल्याशिवाय (सिलिंडर आतून कापून मोठा केल्याशिवाय) सुटत नाही. ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर कार्बोरेटरची गाडी टिकत नाही. पार्ट मिळत नाहीत. आरटीओवाले जप्त करतात. आणि सगळं करूनही चालवायला मजा नाही. तरीही हौस असेल तर जाड ऑइल घाला, पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळा आणि एअर फिल्टर काढून टाका, पिकअप येतो.

यातल्या दोन-तीन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, म्हणून मेसेज लोकांना पटतो. शेवटचा सल्ला मात्र धडधाकट गाडीचंही इंजिन खाईल.

‘इंजिन जाम म्हणजे बोअर’

आधी जाम काय झालंय ते बघा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हातानं फिरवा. न्यूट्रलमध्येही चाक फिरत नसेल तर दोष इंजिनाचा नाही. ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटलेले असतात, किंवा चेनच्या कड्या आखडलेल्या असतात. चाक फिरतं, पण क्लच दाबूनही गिअरमध्ये गाडी ढकलता येत नाही, तर बहुधा क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. किक खालीच जात नसेल तेव्हा पिस्टनवर संशय घ्यायचा.

तिथेही जोर लावून किक मारायची नाही. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची बारीक कड धरलेली असते. त्यावर रिंग घासली की ओरखडा पडतो आणि मग खरोखरच बोअर करावा लागतो. प्लग काढा, भोकातून 10 ते 15 मिलि इंजिन ऑइल आणि तेवढंच डिझेल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवत राहा. चाकाला हिसके द्यायचे नाहीत, नुसतं झुलवायचं. सुटलं नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा दोन दिवस. सुटल्यावर प्लगच्या भोकावर फडकं धरून हळू किक मारा, आत साचलेलं तेल बाहेर उडतं.

सुरू करण्याआधी जुनं ऑइल काढून टाका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचतं. स्प्लेंडर, सीडी 100 यांसारख्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो. उजव्या बाजूच्या कव्हरमागे फिरणारा रोटर ऑइलमधली घाण बाहेर फेकून आपल्या कडेला साठवतो, आणि खाली एक जाळी असते. नुसतं ऑइल बदललं आणि कव्हर उघडलंच नाही, तर रोटरमधला काळा लगदा तसाच राहतो. तो खरवडून काढा, जाळी रॉकेलनं धुवा, कव्हरचं पॅकिंग नवं घाला. मग ताजं ऑइल भरून प्लगशिवाय पंचवीस-तीस किका मारा आणि टॅपेटची झाकणं उघडून रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातापर्यंत) ऑइल पोचतंय का ते डोळ्यांनी बघा. पोचत नसेल तर गाडी सुरू करायची नाही.

बोअर हवा की नको, हे कॉम्प्रेशन गेज सांगतं. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारा. चांगल्या 100 सीसी चार-स्ट्रोक इंजिनात साधारण 130 ते 170 पीएसआय मिळतं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून 5 मिलि ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. अनेकदा टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) संपलेली असते, आणि फिलर गेज घेऊन थंड इंजिनवर ती सेट केली की काम होतं. बोअर करायचाच झाला तर पिस्टन आधी विकत आणा आणि त्याच्या मापानं बोअर करून घ्या. 0.25 मिमीत भागत असेल तर कुणाला 1.00 वर उडी मारू देऊ नका. पुढच्या खेपा शिल्लक राहिल्या पाहिजेत.

‘ई-20 वर कार्बोरेटर महिन्यात खलास’

या दाव्यात तथ्य आहे, पण रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा ते उभ्या गाडीला जास्त लागू आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तोच थर आधी कार्बोरेटरच्या वाटीत उतरतो आणि पितळ, ॲल्युमिनियम खातो. टाकी आठ-पंधरा दिवसांत संपत असेल तर हा त्रास नगण्य. तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काढून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट रबराची. फ्लोटच्या सुईचं टोक, वाटीची ओ-रिंग, कॉकमधला वायसर आणि पेट्रोलची नळी हे सगळं जुन्या रबराचं असेल तर फुगतं किंवा तडकतं. ओ-रिंग व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घ्या, नळी इथेनॉल चालेल असं लिहिलेली घ्या. काही ओ-रिंगा आणि हातभर नळी, एवढ्यासाठी गाडी मोडीत काढायची गरज नाही.

तिसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्यानं सांगितलीच नाही. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि चिकट थर सोडवतं, आणि तो जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन अडकतो. म्हणून कार्बोरेटरच्या आधी टाकी. कॉक काढून भोक बंद करा, लिटरमागे 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून कोमट पाण्यानं टाकी काठोकाठ भरा. दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो लागतं, किराणा दुकानात मिळतं. एक दिवस ठेवा, ओता, लिटरमागे चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा आणि लगेच गरम हवेनं कोरडी करा. ओली ठेवली तर तासाभरात तांबूस गंज परत येतो. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात वाळायला फार वेळ लागत नाही. शेवटी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून आतून खळबळा.

पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं आणि आयडलिंग कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरतो. जेट उजेडासमोर धरलं की गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे. ठिपक्याची कड फाटकी दिसली तर अजून घाण आहे.

ई-20 वर जुना कार्बोरेटर थोडा पातळ मिश्रणावर (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालतो, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या मापाचं. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळते, प्लग पांढरट होतो. मेन जेट एक नंबर मोठं घालून बघा आणि मिश्रणाचा स्क्रू गरम इंजिनवर सेट करा. हा स्क्रू स्लाइडच्या (थ्रॉटलनं वर-खाली होणाऱ्या भागाच्या) एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण घट्ट होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की घट्ट. हे न बघता फिरवल्यामुळे चांगले कार्बोरेटर बदलले जातात. मायलेज थोडं कमी होणारच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते.

‘पार्ट मिळत नाहीत’

काही गाड्यांचे खरोखर मिळत नाहीत, विशेषतः इंडिकेटर, साइड पॅनल, मीटर असल्या प्लास्टिकच्या वस्तू. पण गाडी चालती ठेवणारे पार्ट बहुतेक प्रमाण मापाचे असतात. चाकाच्या बेअरिंगवर 6301, 6203 असा नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. बहुतेक 100 सीसी गाड्यांना 428 मापाची चेन लागते. बुश, पिना, स्पेसर लेथवर होतात, आणि यंत्रमागांच्या या शहरात टर्नर शोधत फिरावं लागत नाही. जुना पार्ट फेकू नका, नमुना म्हणून तोच लागतो.

‘पंधरा वर्षांनंतर जप्ती’

पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी होती. एमएच-13 पासिंगच्या खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि नंतर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी फॉर्म 25, आरटीओत गाडीची प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी लागतं. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही हवी. मुदत संपलेली असताना रस्त्यावर आणली तर कारवाई होणारच. आणि चेसिसवरचा नंबर गंजानं खाल्ला असेल किंवा कागदच नसतील, तर त्या गाडीवर पैसा घालू नये. इथे मेसेजचं म्हणणं आम्हाला मान्य आहे.

‘जाड ऑइल, पेट्रोलमध्ये ऑइल, फिल्टर काढा’

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं हे टू-स्ट्रोकचं काम. आरएक्स 100 ला टू-टी ऑइल लागतं, चार-स्ट्रोकला नाही. तिथे त्यानं प्लग काळा होतो आणि व्हॉल्व्हवर कार्बन चढतो. जाड ऑइलनं धूर काही दिवस लपतो, झीज थांबत नाही. मॅन्युअलमधला ग्रेड वापरा आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (दुचाकीच्या ऑइलमधल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं बघा. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

एअर फिल्टर काढण्याचा सल्ला सोलापुरात तर सरळ घातक आहे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे उडणारी धूळ बोअरमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते, आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं ते वेगळंच. फोमचा फिल्टर दर दीड-दोन हजार किलोमीटरला धुवा, वाळवा, ऑइलमध्ये भिजवून घट्ट पिळा आणि बसवा.

‘चालवायला मजा नाही’

मजा जाते ती बहुतेक चेसिसमुळे, आणि लोक पैसे इंजिनावर घालतात. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध ‘टक’ करून अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खराब आहे. वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेले असतात, गाडी सरळ रस्त्यावर डुलते आणि लोक टायरला दोष देतात. कोनसेट पूर्ण बदला, ग्रीस भरा, आणि हँडल आपल्या वजनानं कडेला पडेल इतपतच कसा. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ असेल तर बहुधा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेलेत. हे दोन दुरुस्त झाले की गाडी वेगळीच वाटते, हे आम्ही ठामपणे सांगतो.

टायर नक्षी बघून ठरवू नका. बाजूला चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. स्प्लेंडरला हवा पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबलसीट 41 पीएसआय. चेन 20 ते 30 मिमी खेळती ठेवा, आणि मोजताना चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा. क्लच आणि थ्रॉटलच्या केबल ऑइल सोडून मोकळ्या करा किंवा नव्या घाला. ब्रेकचे लायनर बदलताना ड्रमच्या आतला कॅमही काढून ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर नवे लायनरही सुटत नाहीत.

लाइट मंद, हॉर्न घोगरा असेल तर बॅटरी घेण्याआधी चेसिसला जोडलेली अर्थची वायर काढून जागा घासून चकचकीत करा. मग इंजिन थोड्या वेगात ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक आहे.

पहिले काही दिवस गावातच फिरवा आणि सगळे नटबोल्ट पुन्हा कसा. 300 किलोमीटरला ऑइल पुन्हा बदला, आतली सुटलेली घाण त्यात येते. त्यानंतर तुळजापूर, 45 किलोमीटर आणि शेवटी घाट. चढताना जोर दिल्यावर मागे निळा धूर दिसला तर रिंगा गेल्यात. थ्रॉटल बंद ठेवून घाट उतरलात आणि खाली पुन्हा थ्रॉटल दिल्यावर धूर आला तर व्हॉल्व्हचे सील. सील स्वस्त असतात आणि त्यांच्यासाठी बोअर उघडावा लागत नाही, फक्त हेड उतरवून घ्या.