अर्थ न बदलता वाक्य बदला

उद्या इंग्रजीचा पेपर, आणि रात्री नऊ वाजता मला वाटलं की ग्रामर तेवढं एकदा नजरेखालून घालू, दोन तासात उरकेल. या एका वाक्यात किती चुका होत्या ते पहाटे दोनला कळलं.

सुरुवात टेन्सपासून केली. काळ ३, प्रत्येकाचे प्रकार ४, एकूण १२, हे गणित तरी पक्कं होतं. पण आपण मराठीत 'मी दोन तासांपासून वाचतोय' म्हणतो आणि विषय संपतो, तिकडे आय हॅव बीन रीडिंग, म्हणजे हॅव पण पाहिजे, बीन पण पाहिजे, आयएनजी पण पाहिजे आणि एवढं सगळं दिल्यावर वर विचारणार की सिन्स का फॉर. नऊ वाजल्यापासून असेल तर सिन्स, दोन तास असेल तर फॉर. अरे घड्याळ एकच आहे ना! त्यात ते गो आणि वेन्ट. हा वेन्ट मुळात गो चा नाहीच, वेंड नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, गो ने तो ढापला आणि परत दिलाच नाही. मी मोठ्याने हसलो तर ताई पलीकडून म्हणाली, "आपलं 'जाणे' आणि 'गेला' कुठे जुळतं?" मी पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर अ‍ॅक्टिव्ह पॅसिव्ह. यात कर्त्याला खुर्चीवरून उठवायचं आणि शेवटी बाय लावून कोपऱ्यात बसवायचं, आणि अगदीच नको असेल तर बाहेरच काढायचं. माझं स्पष्ट मत आहे की ही सोय गुन्हेगारांसाठी केलेली आहे. हे मत बनत असतानाच माझ्या कोपराचा धक्का लागून टेबलावरचा ग्लास खाली. इंग्रजीत झालं असतं द ग्लास वॉज ब्रोकन, बाय मी म्हणायची सक्ती नाही. पण आपण तेवढ्याही भानगडीत पडत नाही, आतून आईने कसला आवाज म्हणून विचारलं आणि मी म्हटलं, "ग्लास फुटला." म्हणजे कसं, ग्लासनेच मनावर घेतलं, मी फक्त जवळपास होतो. आई दारात आली, काचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फुटला, की फोडलास?"

हा व्हॉइस कुठल्याच गाइडमध्ये नाहीये.

काचा गोळा करता करता एक लक्षात आलं, आपण 'मी गाइड वाचलं' म्हणतो पण 'मी वही वाचली', म्हणजे क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते सगळं वहीच्या मागे. हाच तो कर्मणी प्रयोग, दिवसभर करतो आपण, एक मार्क कोणी देत नाही.

डायरेक्ट इनडायरेक्टमध्ये तर अख्खं घर हलवावं लागतं. इज चा वॉज, विल चा वुड, नाऊ चा देन, धिस चा दॅट, टुमॉरोचा द नेक्स्ट डे. आणि आपल्याकडे? आई बाबांना काय सांगते, "तो म्हणतोय की माझा अभ्यास झालाय." झालं! मी जे बोललो ते जसंच्या तसं उचलून नुसता 'की' लावून पोचतं केलं. अर्थात ज्या भाषेत 'परवा' म्हणजे होऊन गेलेला पण दिवस आणि यायचा पण दिवस, तिने टुमॉरोबद्दल फार बोलू नये हेही आहेच.

क्वेश्चन टॅगचा मात्र मला मनापासून राग आहे. आपला एक 'ना' सगळ्यांना पुरतो, तो आला ना, तुम्ही जेवलात ना, मी मूर्ख आहे ना. तिकडे प्रत्येक वाक्याला मापाचा टॅग शिवून द्यायचा, वाक्य होकारी तर टॅग नकारी, वाक्य नकारी तर टॅग होकारी, लेट्स आलं की शॅल वी, आणि आय अ‍ॅम ला काय, तर आरन्ट आय! अ‍ॅम चा आर कुठून झाला हे विचारायचं नाही, पाठ करायचं.

एव्हाना साडेबारा झाले होते. हे सगळं कोणी सुरू केलं म्हणून मोबाइल उघडला (ग्रामर सोडून काहीही करायची माझी तयारी होती), तर इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर नावाच्या गृहस्थांनी १५८६ साली काढलं. त्याच्याआधी शेकडो वर्षं लोक इंग्रजी बोलतच होते, कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग नो सूनर. अ‍ॅज सून अ‍ॅज काढा, नो सूनर घाला, डिड पुढे आणा, मधे दॅन विसरू नका, पण हार्डली असेल तर व्हेन. अर्थ मात्र तोच राहिला पाहिजे. मी स्वतःचं उदाहरण केलं, नो सूनर डिड आय ओपन द बुक दॅन आय फेल अस्लीप, आणि खरंच डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाइड छातीवर होतं आणि उघडलेलं पान लाय, ले, लेन चं. लाय-ले-लेन म्हणजे आडवं पडणे, ले-लेड-लेड म्हणजे ठेवणे, लाय-लाइड-लाइड म्हणजे खोटं बोलणे. तेवढ्यात आई बाहेरून, "जागा आहेस ना रे?" मी म्हटलं, "हो, वाचतोय." मी आडवा पडलेला, पुस्तक छातीवर ठेवलेलं, आणि वरचं उत्तर. तिन्ही क्रियापदं एका दमात पाठ झाली, आजतागायत विसरलेलो नाही.

शेवटी राहिलं इफ. टाइप वन म्हणजे अभ्यास केलास तर पास होशील, टाइप टू म्हणजे केलास तर होशीलही पण तू काही करत नाहीस, टाइप थ्री म्हणजे केला असतास तर झाला असतास. रात्री नऊला मी टाइप वनमध्ये होतो. पहाटे दोनला टाइप थ्री न वाचताच समजला.

पेपरात एक प्रश्न होता, पॅसिव्ह करा, आणि वाक्यात नेमका कोणीतरी काहीतरी फोडलेलं होतं. मी बाय विसरलो. सवय.

घरी आलो तर आई दारातच. "कसा गेला पेपर?"

"गेला."

"गेला, की घालवलास?"