तागाचा ट्रे पाण्याला भीत नाही?

मक्याच्या प्लास्टिकमध्ये (पीएलए) तागाचे धागे घालून केलेल्या ट्रे-कुंड्यांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय: 'पाण्याला भीत नाही, उन्हाला भीत नाही आणि टाकून दिलं की तीन महिन्यांत मातीत विरून जातं.' या वस्तू वापरात याव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे खोडून काढतोय.

'पाण्याला भीत नाही.' पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत का अडकतं? लाकडातलं सेल्युलोज (झाडाच्या धाग्यांचा मुख्य घटक) हवेतली ओल ओढून घेतं आणि फुगतं. तागाचंही तेच. तागाच्या व्यापारात कोरड्या वजनाच्या १३.७५ टक्के ओलावा धरूनच चालतात. भोवतीचं पीएलए मात्र तेवढं फुगत नाही. मग धागा फुगला की पीएलएला बारीक चिरा जातात, आणि ऊन पडून धागा आक्रसला की दोघांमध्ये फट राहते. पुढचं पाणी तिथूनच शिरतं. गेल्या वर्षी माझ्या गॅलरीतल्या ट्रेला जुलैत कापलेल्या कडेवर लव आली, कड फिकट पडली आणि ऑगस्टमध्ये उचलायला गेलो तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मधोमध वाकला. धागे आधी कॉस्टिक सोड्यात धुतले तर पकड सुधारते, पाणी उशिरा शिरतं. पण शिरतंच.

'उन्हाला भीत नाही.' पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड याहून जास्त तापतो. त्यात ओल असेल तर आणखी वाईट: पाणी पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, तुटलेल्या टोकांशी आम्ल तयार होतं आणि तेच पुढची तोडफोड वाढवतं. म्हणून तर कारखान्यात पीएलएचे दाणे वितळवण्याआधी ०.०२५ टक्क्यांहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवतात.

'मातीत विरून जातं.' त्यासाठी ५८ अंशांच्या आसपास सतत तापलेला, ओला, मोठ्या खतप्रकल्पातला ढीग लागतो. परसातली माती एवढी तापत नाही. शिवाय झाडाचा धागा म्हणजे लगेच कुजणारा, हेही सरसकट खरं नाही. कोकणात नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात, तरी आतला काथ्या शाबूत निघतो, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा आणि सहज न कुजणारा घटक, भरपूर असतं.

त्या ट्रेचे तुकडे मी सप्टेंबरात कुंडीत पुरले होते. मे महिन्यात माती उकरली. तागाचा धागा बोटांत चुरला, पीएलएचे पापुद्रे तसेच होते.