खुर्चीवरचा योग

जूनचा तिसरा आठवडा आला, योग दिन जवळ आला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिमानाला भरती येते. यंदा दादानं (माझा आतेभाऊ, निवृत्त, त्यामुळे पहाटे साडेपाचपासून ऑनलाइन) एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा हॉलमध्ये दहा-बारा गोरे आजी-आजोबा खुर्च्यांवर बसून हात वर-खाली करताहेत. खाली दादाचं भाष्य: 'हा म्हणे योगा! आपल्या ऋषींनी एका पायावर उभं राहून तप केलं, आणि हे बसलेत खुर्चीत. वाट लावली परदेशानं.' त्याखाली तेरा हसरे चेहरे. मी मोजले.

तो हॉल माझा नव्हता, पण असू शकला असता. दर मंगळवारी सकाळी दहाला इथे जर्मनीत, फोल्क्सहोखशूलच्या (प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या) तळमजल्यावर मी नेमकं हेच शिकवते. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, खुर्च्या लावून ठेवतो, मी भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत एकाला काचबिंदू आहे. डोकं कमरेच्या खाली नेलं की डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून त्याला पुढे झुकायचं नाही. दोघींची हाडं ठिसूळ आहेत, त्यांनी पाठ गोल करून वाकायचं नाही. एक बाई पूर्ण अंध आहेत. त्यांच्यामुळे मला शिकवायला आलं, असं म्हटलं तरी चालेल. 'असं करा' हे दोन शब्द त्यांच्यापुढे कुचकामी. 'उजवी टाच खिडकीकडे ढकला' असं बोलावं लागतं, आणि एकदा तसं बोलायला लागलं की डोळस माणसांच्या टाचाही आपोआप जागेवर जातात.

दादाला काय सांगू? ही खुर्ची परदेशानं आणलेली नाही. ती पुण्याची आहे. घडीची लोखंडी खुर्ची, भिंतीवरचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे हा सगळा संसार योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी मांडला. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय असं सगळं सोसलेला माणूस तो. न वाकणाऱ्या शरीराची कथा त्यांना कुणी सांगायला नको होती. बेल्जियमची ऐंशी ओलांडलेली राजमाता शीर्षासन शिकायचं म्हणाली, तर तिलाही त्यांनी शिकवलं. अय्यंगारांचं नाव दादा दर एकवीस जूनला अभिमानानं घेतो, खुर्ची मात्र त्याला परकी वाटते. त्याही आधी, १९१८ साली योगेंद्रजींनी मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढली आणि १९२४ साली कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम, ती काही एका पायावर उभ्या राहणाऱ्यांसाठी नव्हे. संसारी माणसांसाठी आणि रोग्यांसाठी. आणि ऋषीच हवे असतील तर हठयोगाचा जुना ग्रंथ, हठप्रदीपिका उघडावी: 'युवा वृद्धोऽतिवृद्धो वा व्याधितो दुर्बलोऽपि वा'. तरुण, म्हातारा, अतिम्हातारा, आजारी, दुबळा, सगळे आले. पतंजलींच्या योगसूत्रांत तर आसनावर अवघी तीन सूत्रं आहेत, आणि त्यांतलं पहिलं म्हणतं: स्थिर आणि सुखाचं असावं. जमिनीवर असावं, असं म्हणत नाही.

आपल्याकडची सामुदायिक शिबिरं आठवतात. मैदान, मंच, माइक, हजार चटया. मंचावरच्या गुरुजींना शेवटच्या रांगेतल्या बाईचा गुडघा दिसतो का? इथे माझ्या वर्गात बारा जण असतात आणि बाराही जणांचे गुडघे मला पाठ आहेत. (त्यातले निम्मे तरी दहातल्या आठ तासांची हजेरी भरली नाही तर क्रांकनकासे (आरोग्य विमा) फीचे पैसे परत देणार नाही म्हणून वक्तशीर येतात, हे ग्रुपवर सांगायची गरज नाही.)

असं सगळं मी दादाला लिहायला घेतलं आणि थांबले. कारण २०१५ साली, पहिल्या योग दिनाच्या वेळी, मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतल्यावर सरकारनं कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले, तेव्हा ह्याच ग्रुपवर सर्वांत लांब संतापाचा मेसेज माझा होता. 'आपल्याच देशात आपला योग कापून वाटायचा?' वगैरे. दादानं तो चार ग्रुपवर पुढे ढकलला होता. आज आपण करतो त्या सूर्यनमस्कारांचा प्रसार विसाव्या शतकात औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी केला, जुन्या हठग्रंथांतल्या आसनांत ते सापडत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं जर्मनीत, जर्मन बाईकडून, जर्मन भाषेत.

हेही ग्रुपवर कुणाला माहीत नाही. मी योग इकडेच शिकले. शाळेत पीटीच्या तासाला सूर्यनमस्कार म्हणजे उशिरा येण्याची शिक्षा होती. तेवढाच माझा वारसा. नंतर नोकरी मिळेना, पाठ धरली, आणि एका निवृत्त फिजिओथेरपिस्ट बाईंच्या वर्गात जाऊन बसले. त्या 'पश्चिमोत्तानासन' असं काही म्हणायच्या की ओळखू येऊ नये. मी त्यांचे उच्चार सुधारले, त्यांनी माझा कणा. पुढे त्यांनीच मला शिक्षिका व्हायला ढकललं. आज कोर्सच्या पत्रकावर माझं आडनाव ठळक छापतात, आणि येणाऱ्यांना वाटतं की हे ज्ञान माझ्या रक्तातून आलंय. मी तो गैरसमज कधी दूर केलेला नाही. त्याच्यावर माझा वर्ग भरतो.

गुरुवारी संध्याकाळी दुसरा गट असतो: सीरिया, अफगाणिस्तान, युक्रेनमधून आलेल्या बायका. तिथे मी 'डोळे मिटा' म्हणत नाही. मिटायचे तर मिटा. हात लावून कुणाला सुधारत नाही. चटया अशा टाकते की पडल्यापडल्या दार दिसावं, नाहीतर शवासनात काहीजणी उठूनच बसतात. दुसऱ्याच आठवड्यात एकीनं हळूच विचारलं, तुम्ही शेवटी म्हणता ती प्रार्थना आहे का? मी ओम म्हणायचे. 'नाही, नुसता ध्वनी आहे,' हे इथलं ठरलेलं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नाही. माझ्या आजीसाठी तो नुसता ध्वनी नव्हता. मी 'हो' म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारपासून आम्ही नुसता लांब श्वास सोडतो. २०१५ची मी हे पाहते तर मला काय म्हणाली असती, ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. मेसेज अजून ग्रुपवर आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यानं १९९३ साली सरकारी शाळांत योगावर बंदी आणली, ती २०२१ साली उठवली तेव्हाही 'नमस्ते' वर्ज्यच ठेवलं. ह्या बातमीवर मी भडकले होते. माझं वगळणं आणि त्यांचं वगळणं ह्यांत फरक आहे, असं मी स्वतःला सांगते. मला एका बाईनं विचारलं होतं, त्यांनी कायदा केला. बहुतेक दिवशी हे मला पटतं.

त्या गुरुवारच्या गटात जर्मन कुणाचीच मातृभाषा नाही. नामाच्या लिंगात चूक होऊन 'देर'च्या जागी 'दी' गेलं तर कुणी भुवई उचलत नाही. एकवीस वर्षांत मी इतकी सैल जर्मन फक्त त्या खोलीत बोलते.

दादाला काही पाठवलं नाही. त्या तेरा हसऱ्या चेहऱ्यांत एक आईचा होता.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेल्यापासून 'आता खाली बसवत नाही, संपला आपला योग' म्हणते. रविवारी मी तिला व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं खुर्चीवर बसवून करून घेते. फोन ती पाण्याच्या तांब्याला टेकवते, त्यामुळे मला तिचे गुडघे तेवढे दिसतात. मागच्या रविवारी म्हटलं, 'आई, तूपण हसलीस त्या व्हिडिओला?'

'अगं, सगळ्यांनी टाकले म्हणून मीही टाकला,' ती म्हणाली. 'थांब जरा, दार लावून येते. दादा आलाय खाली, बघेल.'