भोपळ्याच्या बिया: 10 मिनिटांत करपतात, कुरकुरीत होत नाहीत

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: 'भोपळ्याच्या बिया धुऊ नका, चव जाते. ओल्याच तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसवर 10 मिनिटं भाजा. साल पचत नाही, ती काढाच. तशाही भाजल्यावर पोषण उरत नाही, कच्च्याच खाल्लेल्या बऱ्या.' शेवटच्या वाक्याने आधीची सगळी कृती बाद होते, पण असो.

'धुऊ नका.' बीची चव आतल्या मगजात असते, ती पाण्याने जात नाही. उलट गराच्या धाग्यांत साखर असते. बी भाजून व्हायच्या आत ते धागे करपून कडवट होतात. पातेलंभर पाण्यात बिया चोळा, त्या वर तरंगतात, काढून घ्या. एखादा धागा राहिला तरी बिघडत नाही.

'220 अंश, 10 मिनिटं.' खरी गडबड इथे आहे. ओल्या बीला दिलेली उष्णता आधी पाणी उडवण्यातच खर्च होते. पातळ टरफल लवकर सुकून काळं पडतं, तोवर मगज ओलाच असतो. म्हणून धुतलेल्या बिया सुती कापडावर एका थरात रात्रभर पसरा. टिश्यू पेपरवर नको, चिकटून बसतात. मग 1 कप बियांना 1 चमचा तेल, पाव चमचा मीठ, आणि 160 अंशांवर 20 ते 30 मिनिटं. दर 10 मिनिटांनी हलवा. कढईत करायच्या तर जाड बुडाची घ्या, आच मंद ठेवा, हात थांबवू नका. साधारण 15 मिनिटं लागतात. एक बी फोडून बघा, मगजाच्या कडा सोनेरी दिसल्या की उतरवा. गरम बी मऊच लागते. कुरकुरीत झाली नाही म्हणून आणखी भाजत बसलात की घाणा गेलाच. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. लाल तिखट लवकर जळतं, ते शेवटच्या 5 मिनिटांत.

वरून लावलेलं मीठ टरफलावरच राहतं. आतपर्यंत हवं असेल तर सुकवण्याआधी अर्धा लिटर पाण्यात 1 मोठा चमचा मीठ घालून बिया 10 मिनिटं उकळा.

'साल काढाच.' टरफलातला तंतू पचत नाही हे खरं, पण तंतुमय पदार्थ असतातच तसे. जून भोपळ्याच्या बियांची साल चिवट लागते, ती सोला. कोवळी चावून खाता येते. पोट नाजूक असेल तर सोललेल्याच बऱ्या.

'पोषण उरत नाही.' मॅग्नेशियम आणि झिंक ही खनिजं आहेत, आचेने जळत नाहीत. प्रथिनंही राहतात. ई जीवनसत्त्व थोडं घटतं, आणि फार भाजलं तर बीतलं तेल खवट होऊ लागतं; मंद आचेचं हे आणखी एक कारण.

जे सांगायला हवं होतं ते मात्र या सल्ल्यात नाहीच. भोपळा चिरल्यावर गराचा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि बियांसकट सगळा भोपळा टाकून द्या. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या भोपळावर्गातल्या विषारी द्रव्याचा असतो, भाजून जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात.